ती गोळी कोणासाठी होती?

माझ्या बाबांनी रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यायला सुरुवात केली ती आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे. साठी उलटलेल्या प्रत्येकाने रात्री जेवणानंतर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घ्यावी, रक्त पातळ राहतं, हार्ट अटॅक टळतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली एका डॉक्टरांचं नाव होतं. इकडे हॅमिल्टनमध्ये रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी भांडी आवरत होते. मेसेज अर्धामुर्धा वाचला, त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि त्यावर अंगठा देऊन मी झोपायला गेले.

सांगलीत तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बाबांनी तो अंगठा पाहिला. आपली मुलगी शास्त्रज्ञ आहे, तिने बघितलंय म्हणजे बरोबरच असणार, असा त्यांनी अर्थ लावला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ७५ मिलिग्रॅमची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळाली.

चार महिन्यांनी दादाचा फोन आला. बाबांना चक्कर येऊन ते बाथरूममध्ये पडले होते. दोन दिवस त्यांना डांबरासारखी काळी शौचाला होत होती आणि त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं होतं. एंडोस्कोपीत जठरात अल्सर सापडला, त्यातून रक्त जात होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. आज बाबा ठणठणीत आहेत. ते गुडघ्यांसाठी अधूनमधून दुसरी एक वेदनाशामक गोळीही घेत होते, त्यामुळे सगळा दोष अ‍ॅस्पिरिनच्या माथी मारता येणार नाही. पण या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की जठरातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, हे त्या मेसेजने त्यांना विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मी डॉक्टर आहे, पण पीएचडीवाली. औषध लिहून देणारी नव्हे. माझं काम प्रयोगशाळेत प्रथिनांबरोबर चालतं. तरीही त्या आठवड्यात मी विमानाची तिकिटं शोधता शोधता अ‍ॅस्पिरिनवरचं जे सापडेल ते वाचून काढलं, आणि एक गोष्ट लक्षात आली तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं. तो मेसेज खोटा नव्हता. त्यातला सल्ला कधीकाळी, कुठल्यातरी माणसांसाठी, खरोखर चांगल्या संशोधनातून आलेला होता. फक्त ती माणसं म्हणजे माझे बाबा नव्हते.

आरोग्याच्या बाबतीत इंटरनेटवरचा धोका म्हटलं की आपल्याला अफवा आठवतात. गोमूत्राने कॅन्सर बरा होतो, लिंबूपाण्याने ब्लॉकेज उघडतात, वगैरे. असल्या गोष्टी आपल्यातले बरेचजण ओळखतात. खरी फसगत होते ती अर्धवट खऱ्या गोष्टींत. त्या ओळखायला अफवा शोधणाऱ्या वेबसाइटचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी एक प्रश्न विचारायची सवय लागते, आणि तो प्रश्न पद्धतशीरपणे विचारायला ज्या मोजक्या गावांनी जगाला शिकवलं, त्यांत मी राहते ते गाव आहे.

पोलादाच्या गावातली एक खोड

टोरांटोहून नायगाराकडे गेलेल्या प्रत्येकाने हॅमिल्टन पाहिलेलं असतं, निदान स्कायवे पुलावरून. डाव्या-उजव्या बाजूला पाणी, पलीकडे पोलाद कारखान्यांच्या चिमण्या, आणि गाडीतलं कोणीतरी म्हणतं, "काय धूर आहे हो इथे!" आणि गाडी पुढे जाते. या गावाच्या पश्चिम टोकाला मॅकमास्टर विद्यापीठ आहे. १९६७ साली तिथे नव्याने उभ्या राहणाऱ्या वैद्यकीय शाखेत डेव्हिड सॅकेट नावाचे ३२ वर्षांचे अमेरिकन डॉक्टर आले आणि त्यांनी क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीचा विभाग सुरू केला. नाव बोजड असलं तरी कल्पना साधी आहे. साथीच्या रोगांचा अभ्यास करणारे लोक माणसं मोजतात, गट पाडतात, तुलना करतात. तीच मोजदाद रुग्णाच्या खाटेपाशी आणायची. हे औषध या रुग्णाला द्यावं की नाही, याचं उत्तर मोठ्या डॉक्टरांच्या अनुभवावर न सोडता, तशा शेकडो-हजारो रुग्णांचं पुढे काय झालं ते पाहून द्यायचं.

१९८१ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक लेखमाला लिहिली. तिचा विषय कुठला रोग नव्हता, 'संशोधनाचा निबंध वाचायचा कसा' हा होता. पुढे १९९० च्या सुमारास तिथलेच गॉर्डन गायट तरुण डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी घेताना या पद्धतीसाठी नाव शोधत होते. त्यांनी आधी 'शास्त्रीय वैद्यक' असं नाव सुचवलं. सहकारी भडकले. म्हणजे आम्ही आजवर करत होतो ते अशास्त्रीय होतं की काय! मग गायट यांनी दुसरं नाव काढलं, 'पुराव्यावर आधारित वैद्यक'. १९९१ मध्ये ते पहिल्यांदा छापून आलं, १९९२ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातल्या लेखाने ते जगभर पोचलं. आज पुण्या-मुंबईतला वैद्यकीय विद्यार्थीही ते परीक्षेसाठी पाठ करतो.

सॅकेट यांचा आणखी एक किस्सा मला फार आवडतो. विभाग स्थापून, नाव कमावून झाल्यावर, वयाच्या ४९ व्या वर्षी, आपलं रुग्ण तपासण्याचं ज्ञान जुनं झालंय असं वाटून ते पुन्हा रेसिडेंट म्हणून रुजू झाले. आपल्याला माहीत आहे ते कधीचं आहे, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला.

एकाच गोळीची तीन उत्तरं

आता अ‍ॅस्पिरिनकडे परत येऊ. ही गोळी मुळात करते काय? रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी करतात. त्यासाठी त्या थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडतात, आणि ते बनवायला त्यांना कॉक्स-१ हे एन्झाइम लागतं. अ‍ॅस्पिरिन हे एन्झाइम कायमचं निकामी करते. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, तशीच लुळी राहते. त्यामुळे छोट्या गोळीनेही काम भागतं. पण हेच एन्झाइम जठराच्या आतल्या अस्तरातही असतं, आणि तिथे ते अ‍ॅसिडपासून जठराचं रक्षण करणारी रसायनं बनवायला मदत करतं. म्हणजे एकाच गोळीने गुठळी कमी होते, जठराचं कवच पातळ होतं आणि जखम झालीच तर रक्त लवकर थांबत नाही. फायदा आणि तोटा वेगवेगळे करता येत नाहीत. मग प्रश्न एवढाच उरतो की कोणाच्या बाबतीत कुठलं पारडं जड?

पहिलं उत्तर १९७८ चं आणि ते कॅनडातलंच. ज्यांना मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ खंडित होऊन अर्धांगवायूची पूर्वसूचना मिळाली होती अशा ५८५ रुग्णांवर ही चाचणी झाली. लंडन, ऑन्टॅरिओचे हेन्री बार्नेट प्रमुख होते आणि चाचणीची आखणी व आकडेमोड करणाऱ्यांत हॅमिल्टनचे मायकेल जेंट आणि सॅकेट होते. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत अर्धांगवायू किंवा मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी दिसला. या माणसांच्या रक्तवाहिन्या आधीच आजारी होत्या, संकट दारात उभं होतं. त्यांच्यासाठी पारडं फायद्याच्या बाजूने झुकलं.

दुसरं उत्तर १९८९ चं. अमेरिकेतल्या ४० ते ८४ वयाच्या २२,०७१ निरोगी पुरुष डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून घेतले. एकाने दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेतली, दुसऱ्याने तशीच दिसणारी खोटी गोळी. हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी कमी झाले! मथळा करायला याहून चांगला आकडा कुठला? पण मागचे आकडे असे होते: खोटी गोळी घेणाऱ्या हजार जणांमागे वर्षाला साधारण ४.४ जणांना अटॅक आला, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत २.५ जणांना. म्हणजे हजारातल्या दोघांना वर्षभरात फायदा झाला. बाकीच्या नऊशे अठ्ठ्याण्णव जणांना ती गोळी घेतली काय आणि न घेतली काय, त्या वर्षी हार्ट अटॅकच्या बाबतीत काही फरक पडला नाही. त्यांच्या जठरावर मात्र तिचा परिणाम होतच राहिला.

तिसरं उत्तर २०१८ चं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, अ‍ॅस्प्री नावाची चाचणी झाली. पावणेपाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. स्मृतिभ्रंश किंवा अपंगत्व न येता जगण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. हृदयविकारातही लक्षणीय फरक दिसला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हजारी ३८ जणांना झाला, न घेणाऱ्यांत हजारी २८ जणांना. माझे बाबा ७१ वर्षांचे. हृदयाचा कुठलाही आजार नसलेले. त्यांच्यासाठीचं उत्तर हे होतं, आणि मी अंगठा दिला तेव्हा ते छापून येऊन बरीच वर्षं झाली होती.

तज्ज्ञांचे सल्लेही त्याप्रमाणे बदलले. अमेरिकेचा प्रतिबंधक आरोग्यसेवेचा टास्क फोर्स २०१६ मध्ये पन्नाशीतल्या, जास्त धोका असलेल्या लोकांना अ‍ॅस्पिरिन सुचवत होता. २०२२ मध्ये त्याच टास्क फोर्सने सांगितलं की साठीनंतर, हृदयविकार नसताना, ती नव्याने सुरू करू नये. इंटरनेटवर २०१६ चं पान आणि २०२२ चं पान शेजारी शेजारी पडलेली असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत दोन्हींवरची तारीख पुसली गेलेली असते.

इथे थांबून एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. ज्यांना हार्ट अटॅक किंवा अर्धांगवायू येऊन गेला आहे, स्टेंट बसवलेला आहे, आणि डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन लिहून दिली आहे, त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये. त्यांचं उत्तर पहिलं आहे, तिसरं नाही. माझा मुद्दाच तो आहे.

निरोगी माणसाला दिलेलं औषध

आजारी माणूस डॉक्टरकडे स्वतः जातो. प्रतिबंधक उपायांचं उलट असतं. इथे चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला कोणीतरी येऊन सांगतं की तू हे कर, ते घे, ही तपासणी करून घे. तेव्हा पुरावा अधिक भक्कम हवा, कमी नव्हे. २००२ साली हे फार मोठ्या प्रमाणावर कळलं. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन्सच्या गोळ्या घेतल्या की हृदय सुरक्षित राहतं, असं अनेक वर्षं स्त्रियांना सांगितलं जात होतं. ज्या स्त्रिया त्या घेत होत्या त्यांना हृदयविकार कमी होता, हे खरंच होतं. पण त्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या, स्वतःची काळजी घेणाऱ्या होत्या. १६,६०८ अमेरिकन स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली तेव्हा हृदय वाचवणं बाजूलाच राहिलं, हृदयविकार आणि अर्धांगवायू थोडे वाढलेले दिसले. त्या वर्षी सॅकेट यांनी एक छोटा, चिडलेला लेख लिहिला. त्याचा विषय होता प्रतिबंधक वैद्यकाचा उद्धटपणा. निरोगी माणसाच्या आयुष्यात न बोलावता शिरताय, तर आधी खात्री करून या, असा त्याचा सूर होता.

हे वाचल्यापासून मी आरोग्याचं कुठलंही पान उघडलं की चार प्रश्न विचारते. ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत आणि दादालाही पाठवलेत.

पहिला: हे कोणावर तपासलं? पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर? माणसांवर असेल तर आजारी की निरोगी, किती वयाच्या, कुठल्या? हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरं असू शकतं. बशीत पसरलेल्या पेशींवर पुरेसं ओतलं तर पुष्कळ गोष्टींनी पेशी मरतात, हे मी रोज बघते.

दुसरा: कशाशी तुलना केली? "माझ्या मावशीने घेतलं आणि तिची शुगर उतरली" यात न घेतलेली मावशी कुठे आहे?

तिसरा: हजारात किती? टक्के आधी बाजूला ठेवायचे. ४४ टक्के आणि हजारात दोन, हे दोन्ही एकाच चाचणीचे आकडे आहेत. कुठला आकडा छापायचा हे छापणारा ठरवतो.

चौथा: हे कधीचं आहे, आणि सांगणाऱ्याला यातून काय मिळतं? ज्या पानावर व्हिटॅमिनचे गुण सांगितलेत, त्याच पानावर खाली डबा विकायला ठेवला असेल तर उत्तर आपोआप मिळतं.

शोधतानाही थोडं भान लागतं. 'अ‍ॅस्पिरिनचे फायदे' असं टाइप केलं की फायदेच सापडतात. यंत्र बिचारं विचारलं तेच देतं. 'साठीनंतर निरोगी माणसाने अ‍ॅस्पिरिन घ्यावी का, तोटे कोणते' असं विचारलं तर वेगळं जग उघडतं. आता तर शोधयंत्रं वरच्या वर तयार उत्तरही लिहून देतात. त्या उत्तरालाही हेच चार प्रश्न लागू.

आणि दर वेळी सगळं स्वतः वाचायची गरज नसते. मॅकमास्टरने २०१४ मध्ये 'ऑप्टिमल एजिंग पोर्टल' नावाची वेबसाइट सुरू केली. विद्यापीठाच्या माजी कुलपती सुझॅन लाबार्ज यांनी २०१२ मध्ये दिलेल्या एक कोटी डॉलरच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या उपक्रमाचा हा भाग. तिथे वाढत्या वयातल्या आरोग्यावरच्या संशोधनाचे साध्या इंग्रजीतले सारांश मिळतात. मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती दुसरी गोष्ट: इंटरनेटवर इतरत्र असलेल्या आरोग्यविषयक पानांना ही मंडळी हॉटेलला द्यावेत तसे पाचपैकी तारे देतात. मजकूर पुराव्यावर आधारलेला आहे का, लिहिणारे कोण आणि पैसे कोणाचे हे उघड सांगितलंय का, आणि पान वापरायला सोपं आहे का, हे पाहून. फुकट आहे, सांगलीतूनही उघडतं. अशीच फुकट मिळणारी दुसरी जागा म्हणजे कोक्रेन या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश. एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढायचं काम ही संस्था १९९३ पासून करते आहे.

आणि आपण?

'कोणावर तपासलं' हा प्रश्न आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. कॅनडात डॉक्टरकडे गेलात तर पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका किती, हे काढायला बहुधा फ्रेमिंगहॅमचं गणित वापरतात. मॅसॅच्युसेट्समधल्या या छोट्या गावात १९४८ मध्ये ५,२०९ लोकांपासून अभ्यास सुरू झाला. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्या गावाने शिकवलं. पण ती माणसं जवळजवळ सगळी गोरी होती. त्या गणितात कोल्हापूर नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे एका फोटोतून दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेले छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही तब्येतीने बेताचे. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या अंगात पोटाभोवती चरबी लपलेली असते, आणि वजनकाटा ती सांगत नाही.

हॅमिल्टनच्या संशोधकांनी हेच इथल्या आपल्या लोकांत मोजलं. सोनिया आनंद आणि सलीम युसुफ यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हॅमिल्टन, टोरांटो आणि एडमंटनमधल्या दक्षिण आशियाई, चिनी आणि युरोपीय वंशाच्या लोकांवर होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा विकार दक्षिण आशियाई लोकांत ११ टक्क्यांना, युरोपीय वंशाच्यांत ५ टक्क्यांच्या आसपास आणि चिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आढळला. युसुफ यांच्याच नेतृत्वाखाली इथून चाललेल्या, ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतर देशांत ५८.८. जवळजवळ सहा वर्षं आधी.

यातली चांगली बातमीही त्याच अभ्यासात आहे. कारणं काही गूढ नव्हती. धूम्रपान, रक्तातलं चरबीचं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, व्यायाम आणि मद्य या नऊ गोष्टींनी जगभरातल्या बहुतेक अटॅकचा हिशोब लागला. आपल्याकडे त्या लवकर सुरू होतात, एवढंच. म्हणजे आपल्याला वेगळं औषध नको, वेगळं वेळापत्रक हवं.

एक मोजपट्टी

इथे इंटरनेट खरोखर उपयोगी पडतं. कॅनडाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची कॅनरिस्क नावाची मधुमेहाच्या धोक्याची प्रश्नावली आहे. ती आई-वडिलांचा वंश विचारते आणि दक्षिण आशियाई म्हटलं की त्याचे वेगळे गुण धरते. भारतातल्या घरच्यांसाठी त्याहून सोपी आहे ती चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. ती भारतीयांवरच तयार झाली आणि तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. चार प्रश्न: वय, कंबरेचा घेर, हालचाल, आई-वडिलांना मधुमेह आहे का.

आम्ही ती घरी माझ्या नवऱ्यावर वापरून पाहिली. वय ३८, म्हणजे २० गुण. दिवसभर संगणकासमोर, व्यायाम शून्य, ३० गुण. सासूबाईंना मधुमेह, १० गुण. मग शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी काढली. कंबर ९४ सेंटिमीटर, आणखी १०. बेरीज ७०. साठ किंवा जास्त म्हणजे धोका जास्त. "पण माझं वजन तर नॉर्मल आहे," तो म्हणाला. मी त्याला याज्ञिकांचा फोटो दाखवला. नियमित व्यायामाने १० गुण कमी होतील, पुरुषांसाठी सांगितलेल्या ९० सेंटिमीटरच्या आत कंबर आली (बायकांसाठी हा आकडा ८०) तर आणखी १०. म्हणजे ५०. वय आणि आई बदलता येत नाही, बाकीचं येतं.

अशी प्रश्नावली निदान करत नाही. ती फक्त सांगते की आता रक्त तपासून घ्या. त्याने फॅमिली डॉक्टरकडे वेळ घेतली, आकडा कागदावर लिहून नेला आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी करून घेतली. ती किंचित वर निघाली. मधुमेह नाही, पण त्याच्या वाटेवर. ऑफिसात दुपारी तो आता जेवल्यावर चालायला जातो. हिवाळ्यात मॉलमध्ये.

माझ्या मते आरोग्यासाठी इंटरनेट वापरायची रीत ही एवढीच. गोळी सुरू करायला किंवा बंद करायला त्याचा वापर नको. आपण कुठे उभे आहोत ते पाहायला, आणि डॉक्टरसमोर जाताना नेमका प्रश्न हातात असायला तो हवा. पूर्ण शरीराच्या तपासण्यांचं पॅकेज घेण्याआधी, सवलतीत मिळणाऱ्या व्हिटॅमिनच्या डब्याआधी, एक मोजपट्टी आणि चार प्रश्न.

बाबांशी या विषयावर बोलायला मला धीर होत नव्हता. शेवटी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी सांगितलं की मी तो मेसेज पुरता वाचलाच नव्हता. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "मग अंगठा कशाला दिलास?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. तेव्हापासून मी न वाचता अंगठा देत नाही. ग्रुपवर काहींना मी शिष्ट झाले असं वाटतं.

गेल्या महिन्यात काकूंनी मेथीच्या पाण्यावरचा एक लांबलचक मेसेज टाकला. त्याखाली बाबांनी लिहिलं होतं, "वहिनी, हे कोणावर तपासलंय?" काकूंनी उत्तर दिलं, "माझ्यावर." पुढे त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण दादा सांगतो की बाबांनी दुसऱ्या दिवशी काकूंना आपल्याबरोबर शुगर तपासायला नेलं.